गौतमाची गाय आणि तिसरा सोमवार

आमच्या नाशकात एका महादेवासमोर नंदी नाही. पाहुणे आले की त्यांना रामकुंडावरून पायऱ्या चढवून कपालेश्वरात न्यायचं, दर्शन होऊ द्यायचं आणि बाहेर पडताना विचारायचं, "आत काय नव्हतं सांगा?" दहातले नऊ जण गडबडतात. काहीतरी खटकलेलं असतं, पण काय ते चटकन सांगता येत नाही. पंचवटीत वाढलेल्या प्रत्येकाने हा खेळ कधी ना कधी खेळलेला असतो.

१८ ऑगस्ट २०२४च्या संध्याकाळी मी आत्याबरोबर त्याच पायऱ्या चढत होते. दुसऱ्या दिवशी तिसरा श्रावणी सोमवार, म्हणजे त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी. त्यात त्या वर्षी राखीपौर्णिमाही त्याच दिवशी आलेली. आत्याची ही कितवी फेरी ते तिलाच माहीत. विचारलं तर "मोजलं की फळ जातं" म्हणते. माझी पहिलीच. वय एक्केचाळीस, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाची, रोजचं चालणं पार्किंगपासून टेबलापर्यंत. आत्या सदुसष्ट वर्षांची, बालवाडीच्या बाई म्हणून निवृत्त झालेली. तिचा नियम असा की त्र्यंबकला निघायच्या आधी गंगेवर जायचं आणि कपालेश्वराला सांगून निघायचं. (नाशिकचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. "गंगेवर जाऊन येतो", "गंगेला पूर आलाय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय", असंच. पुस्तकातलं नाव शाळेत शिकायचं आणि शाळेतच ठेवायचं.)

"सांगून म्हणजे काय सांगायचं?"

"हेच, की चाललोय. ह्यालाही फिरावं लागलं होतं ना. त्याला कळतं."

मग पायरीवर टेकून तिने मला लहानपणी शंभरदा ऐकवलेली गोष्ट एकशे एकाव्यांदा ऐकवली. ब्रह्मदेवाला तेव्हा पाच तोंडं होती. चार तोंडांनी तो वेद म्हणायचा आणि पाचव्याने निंदा करायचा. महादेवाने रागाच्या भरात ते पाचवं मस्तक उडवलं आणि ब्रह्महत्येचं पाप लागलं. पाप फेडायला तो सगळीकडे फिरला, पण काही केल्या फिटेना. फिरत फिरत सोमेश्वराला आला. (सोमेश्वर म्हणजे आपलं गंगापूर रोडचं सोमेश्वर, जिथे आता रविवारी लोक मक्याचं कणीस खायला जातात.) तिथे एका ब्राह्मणाच्या अंगणात एक गाय आणि तिचा गोऱ्हा बोलत होते. गोऱ्हा म्हणाला, "उद्या मालक मला वेसण घालणार. मी त्याला मारणार." गाय म्हणाली, "अरे, ब्रह्महत्या लागेल." गोऱ्हा म्हणाला, "ती कशी घालवायची ते मला ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पांढराशुभ्र गोऱ्हा काळाठिक्कर पडला, तडक गंगेवर आला, रामकुंडात बुडी मारली आणि पुन्हा पांढरा होऊन वर आला. मागोमाग महादेवही उतरला आणि सुटला. वर येऊन टेकाडावर राहिला आणि त्या नंदीला म्हणाला, तू माझा गुरू, आता माझ्यासमोर बसायचं नाहीस.

मला ही गोष्ट आवडते ती महादेव त्यात गाईगुरांचं बोलणं चोरून ऐकतो म्हणून. सगळं ठाऊक असलेला देव गोठ्याच्या बाहेर कान देऊन उभा आहे, हे चित्र दुसरीकडे कुठे फारसं सापडत नाही.

आत्याने हात जोडले, पिशवी चाचपली. तिच्यात राजगिऱ्याचे लाडू, टॉर्च, एक जोड कपडे आणि बाबांची राखी. राखी कशाला बरोबर, असं विचारलं तर म्हणाली, "त्र्यंबक फिरून आलेली राखी बांधते मी त्याला. आणि उद्या दुपारी दीडपर्यंत भद्रा आहेच, घाई नाही."

जुन्या सीबीएसवरून रात्री एसटी धरली. तिसऱ्या सोमवारी खासगी गाड्या त्र्यंबकच्या बऱ्याच अलीकडे अडवतात, त्यामुळे नाशकातूनच लाल डब्यात बसलेलं बरं. अंतर अठ्ठावीस किलोमीटर, पण त्या रात्री कंडक्टरसुद्धा वेळ सांगत नाही. सातपूर सुटलं की रस्त्याच्या कडेने टॉर्चच्या रांगा दिसायला लागतात. नाशिकहून पायीच निघालेली मंडळी ती. काही अनवाणी. खिडकीतून अंजनेरीचा डोंगर दिसेल म्हणून मी मान वळवली, तर ढगात सगळंच बुडालेलं. हनुमानाचा जन्म तिथला, असं इकडे मानतात. आत्याने अंधाराकडेच बघून नमस्कार केला.

कुशावर्तावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. चौकोनी दगडी कुंड, भोवती ओवऱ्या, आणि पाण्यात इतकी माणसं की पाणी दिसायचं तेवढं माणसांच्या मधल्या फटींतून. ओल्या साड्यांचा, उदबत्तीचा आणि शेवाळाचा मिळून एक वास येतो, तो मला अजून आठवतो. पायरीवर पाय ठेवला तर ती गुळगुळीत, आत्याने माझा दंड धरला.

इथे गौतमाने गंगा अडवली. ती हाती लागतच नव्हती म्हणे. वर ब्रह्मगिरीवर महादेवाने जटा आपटल्या आणि गंगा उतरली, पण लगेच गुप्त झाली. मग गंगाद्वाराला दिसली, तिथूनही निसटली. शेवटी गौतमाने मंतरलेले कुश टाकून तिला चहूबाजूंनी वेढलं. कुशांचं आवर्त, म्हणून कुशावर्त. खरी नदी वरच्या डोंगरात उगम पावते; इथे ती पहिल्यांदा माणसाच्या हाताला लागली एवढंच. इथून चौदाशे पासष्ट किलोमीटर वाहत ती आंध्रात समुद्राला मिळते, आणि सुरुवात काय, तर मूठभर गवताचा बांध.

एक वाजून काहीतरी मिनिटांनी आम्ही फेरीला लागलो. फेरी म्हणजे ब्रह्मगिरीला उजवी घालून पूर्ण वळसा, साधारण वीस किलोमीटर. डोंगर चढायचा नाही, त्याच्या पायथ्याने गावांमधून, शेतांमधून, खिंडींमधून फिरायचं. चंद्र पुनवेचा, पण ढगाआड. नुसता एक राखी उजेड. वर पाऊस असा नाही, धुकंच अंगावर बसून पाणी व्हायचं. पुढेमागे "बम बम भोले"च्या आरोळ्या. कुणी पोरं खांद्यावर मोठा स्पीकर घेऊन चालली होती. सुरुवातीला मला त्यांचा राग आला. पण दोन तासांनी त्यांची बॅटरी संपली आणि मग तीच पोरं सगळ्यांत आधी एका म्हाताऱ्या बाईला ओढ्यातून पलीकडे नेत होती, तेव्हा राग कुठे ठेवावा कळेना.

प्रयागतीर्थाच्या पुढे कधीतरी एक माळकरी बाबा आमच्या चालीत चाल मिळवून चालू लागले. सिन्नरकडचे. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर प्लास्टिकची गोणी त्रिकोणी घडी करून. दर वर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकला येतात आणि श्रावणात फेरीला. आत्या मला गौतमाची गोष्ट सांगत होती, ती त्यांच्या कानावर पडली.

आत्याची गोष्ट अशी. महादेवाच्या जटेत गंगा बसलेली, ते पार्वतीला सहन होईना. तिने गणपतीला सांगितलं, काहीतरी कर. गणपतीने आपल्या आईच्या सखीला, जयेला, गाय केलं आणि गौतमाच्या भाताच्या शेतात सोडलं. गौतमाने तिला हाकलायला गवताची काडी उगारली आणि गाय मेली. गोहत्या लागली. ती धुवायला गंगा हवी, म्हणून गौतमाने तप केलं आणि गंगा जटेतून सुटली. "म्हणजे गौतमाचा उपयोग करून घेतला सगळ्यांनी," आत्या म्हणाली.

"तसं नाही माउली," बाबा म्हणाले. "शिवपुराणात वेगळं आहे. ते भांडण पार्वतीचं नाही, पाण्याचं."

आणि मग त्या चिखलात चालता चालता त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी आधी कधी ऐकलीच नव्हती. दुष्काळ पडला होता, वर्षानुवर्षांचा. झाडं वाळली, ऋषी परागंदा झाले. गौतमाने वरुणाला प्रसन्न केलं. वरुण म्हणाला, पाऊस पाडणं माझ्या हातात नाही, पण तू खड्डा खण, मी तो पाण्याने भरतो. गौतमाने हातभर खड्डा खणला आणि तो कधी न आटणाऱ्या पाण्याने भरला. तिथे शेती झाली, धान्य झालं, गेलेले ऋषी बायकापोरांसकट परत आले. एक दिवस गौतमाचे शिष्य पाणी भरायला गेले, तर ऋषींच्या बायकांनी त्यांना मागे सारलं. आधी आम्ही भरणार. पोरं अहल्येकडे गेली. अहल्येने स्वतः जाऊन त्यांना पाणी आणून दिलं आणि मग रोज तीच जाऊ लागली. ते त्या बायकांना खुपलं. त्यांनी घरी जाऊन उलटंच सांगितलं. ऋषींनी गणपतीची आराधना केली आणि म्हणाले, गौतमाला इथून घालव. गणपतीने समजावून पाहिलं, ज्याने पाणी दिलं त्याच्यावर उलटू नका म्हणून. ऐकेनात. मग तो स्वतःच मरतुकडी गाय होऊन शेतात गेला. पुढचं तेच: गवताची पेंडी, गाय पडली, आणि लपून बसलेले ऋषी ओरडत बाहेर आले. दगड मारून गौतम-अहल्येला हाकललं.

"आणि प्रायश्चित्त काय सांगितलं ठाऊक आहे?" बाबांनी विचारलं. "आपलं पाप लोकांना ओरडून सांगत पृथ्वीभोवती तीनदा फिर, महिनाभर व्रत कर, आणि ह्या ब्रह्मगिरीला एकशे एक फेऱ्या घाल. नाहीतर गंगा इथे आण, कोटी पार्थिव लिंगं पूज आणि मग अकरा फेऱ्या."

मी चालायची थांबलेच. म्हणजे ही फेरी, जी घालायला आम्ही एवढी माणसं रात्रीची चिखल तुडवत होतो, ती मुळात शिक्षा होती. तीही न केलेल्या गुन्ह्याची. माझ्या पिंडरीत गोळा आलेला, अजून चौदा-पंधरा किलोमीटर बाकी, आणि हे आता कळतंय!

"आणि महादेव आल्यावर गौतमाने त्या ऋषींची तक्रार केली का?"

"उलट. महादेव म्हणाला, पापी तू नाहीस, ते आहेत. तर गौतम म्हणाला, त्यांचे उपकारच झाले, नाहीतर तू मला कुठला भेटतोस?"

"हे मात्र मला जमलं नसतं," आत्या म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाली, "दोन्ही गोष्टींत नाव बायकांचंच घेतलंय, बघितलंस का?"

बाबा हसले, पण उत्तर दिलं नाही.

पहिन्याच्या जवळपास माझ्या उजव्या बुटाने जबडा उघडला. खास फेरीसाठी घेतलेले ट्रेकिंगचे बूट, दुकानात घालून दोनदा उड्या मारून पाहिलेले. पाणी लागलं आणि डिंक सुटला. टाचेकडून तळवा लोंबायला लागला, प्रत्येक पावलाला फटाक फटाक आवाज. आत्याने आपल्या पिशवीतली सुतळी काढून बांधून दिला. शंभर पावलं टिकला. मग डावाही मोजासकट काढला आणि अनवाणी चालायला लागले. डांबरावर बरं होतं. कच्च्या वाटेवर खडी टोचायची, तिच्यापेक्षा चिखल मऊ लागायचा. आत्या पहिल्यापासून अनवाणीच होती. तिने काही म्हटलं नाही, फक्त चाल थोडी कमी केली.

उजाडलं तेव्हा आम्ही डोंगराच्या मागच्या अंगाला होतो. धुकं मध्येच फाटलं आणि ब्रह्मगिरीचा काळा कडा एकदम डोक्यावर आला. त्यावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे धबधबे लोंबत होते, मोजायला लागले तर अकराच्या पुढे चुकले. सरळसोट, वर ढगात गेलेला. ब्रह्मा आणि विष्णू ज्याचं टोक आणि मूळ शोधत राहिले तो ज्योतीचा खांब इथलाच असं म्हणतात. ब्रह्मदेव टोक सापडलं असं खोटं बोलला, केवड्याने खोटी साक्ष दिली, म्हणून महादेवाला केवडा चालत नाही. त्या कड्याकडे खालून पाहिलं तर ब्रह्मदेवाची थोडी दया येते. वर नुसतं पांढरं. कुणाला सापडणार टोक?

खाली भाताची खाचरं, आवणी झालेली, हिरवीगार. मध्येच नागलीचे उतार. एका चढाला भातखळा म्हणतात. गौतमाने सकाळी पेरून दुपारी कापलेला तो भात इथला. बरोबरच्या एका काकांनी तिथली चिमूटभर माती कागदात बांधून घेतली.

त्या चढाच्या पुढे माझ्या टाचेत काटा गेला. साधा नव्हे, आत मोडलेला. रस्त्याकडेच्या घरासमोर एक बाई काकड्या विकायला बसली होती, तिने माझी चाल पाहिली आणि "बस इथं" म्हणाली. माझा पाय मांडीवर घेतला. हाताच्या बांगडीत चार-पाच सेफ्टीपिना अडकवलेल्या होत्या, त्यातली बारीक निवडली, टोक चुलीतल्या निखाऱ्यावर धरलं. पाणी ओतून टाच धुतली, अंगठ्याने दाबत दाबत काट्याचं काळं टोक शोधलं आणि कातडी दोन्ही बाजूंनी जराशी उकलली. मी दात आवळले. काटा बाभळीचा, अर्ध्या इंचाचा, तिने तो माझ्या तळहातावर ठेवला, जसा काही दात पडलाय. मग हळद दाबली, आणि पैसे देऊ केले तर काकडी घ्या म्हणाली. उपासाला चालते.

आम्ही काकडी खात बसलो. आत्याला राहवेना, तिने रात्री ऐकलेली पाण्याच्या भांडणाची गोष्ट त्या बाईला सांगितली. अगदी पहिल्यापासून, शिष्यांना मागे सारलं तिथपर्यंत. बाई काकड्या मांडता मांडता ऐकत होती.

"मग हंड्यांची रांग नव्हती का लावत त्या?" तिने विचारलं.

"कसली रांग?"

"आमच्यात हंडा ठेवून जायचं. ज्याचा हंडा पुढं त्याचं पाणी आधी. बाई असो, पोर असो. मग कशाला भांडण होतंय? तरी होतंच म्हणा." ती हसली. "आता काय, बोट लावाल तिथं पाणी. होळी सरली की या. विहीर तळाला जाते. रात्री दोनला उठून झिऱ्यावर जातो, वाटीनं भरतो."

मी तिच्या मागे पाहिलं. घराच्या पन्हाळीतून पाणी धो धो वाहत होतं, रस्ता ओलांडून खाचरात, तिथून ओढ्यात. डोंगराच्या ह्या अंगाचं पाणी वैतरणेला जातं. वैतरणेवर धरणं आहेत आणि त्यांचं पाणी मुंबई पिते. पलीकडच्या अंगाचं गंगेला, म्हणजे गंगापूर धरणात, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या नळाला. गौतमाचा हातभर खड्डा कुठेतरी ह्याच उतारावर असेल तर तो बुजून गेलाय.

बुटांची जोडी मी तिथेच ठेवली. तिच्या नातवाने उजव्याचा सुटलेला तळवा ओढून काढला आणि पन्हाळीखाली नाव म्हणून सोडला. छान तरंगला. दुकानदाराला दाखवायला फोटो काढायचा होता, राहून गेलं.

धाडोशी, सापगाव इकडे जागोजागी साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा. ओढून ओढून खायला घालतात. गणपतबारीच्या अलीकडे बाबा पुन्हा भेटले. आता त्यांनाच काही सांगायचं होतं. रात्रीपासून डोक्यात होतं म्हणाले.

"माउली, ह्याच वाटेला विठ्ठलपंत आले होते. चार लेकरं घेऊन."

ही गोष्ट मला माहीत होती, सगळ्यांनाच असते. संन्यास सोडून संसारात परतले म्हणून आळंदीने वाळीत टाकलेले विठ्ठलपंत त्र्यंबकला येऊन राहिले. ब्रह्मगिरीच्या फेऱ्या घालत. एका रात्री वाघ आडवा आला. पळापळ झाली, बाकीचे सापडले, थोरला निवृत्ती चुकला. तो शिरला एका गुहेत आणि तिथे गहिनीनाथ बसलेले. त्यांनी त्याला उपदेश दिला. निवृत्तीने तो ज्ञानेश्वरांना दिला. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली. भावंडं गेल्यावर निवृत्तीनाथ परत इथेच आले आणि ह्या डोंगराच्या पायथ्याशी समाधिस्थ झाले. गोष्ट माहीत होती, पण आतापर्यंत मी तिच्यात कधी चालले नव्हते. वाघ, गुहा, उपदेश ह्यांकडेच लक्ष असायचं. रात्रभर फेरी केल्यावर मला पहिल्यांदा ती मुलं दिसली. सगळ्यात धाकटी मुक्ता तर कडेवरच असेल. पोरं दमली असणार, कुणीतरी रडलं असणार, आणि आईला अंधारात चारही डोकी पुन्हा पुन्हा मोजावी लागली असणार.

"म्हणजे ह्यांनाही लोकांनीच घालवलेलं," मी म्हटलं.

"हां," बाबा म्हणाले. "गौतमासारखंच."

ते निवृत्तीनाथांच्या मंदिराकडे वळले. नाव विचारायचं राहिलं, आणि आत्याच्या मते ते विचारायचं नसतंच.

त्र्यंबकात शिरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दर्शनाची रांग कुठे संपते हे पोलिसालाही सांगता आलं नाही. आत्या देवळासमोर उभी राहिली, काळ्या दगडाच्या शिखराकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, "झालं. फेरीला कळस दिसला की पुरतं." हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतलं, त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं झालं नाही, ते १७८६ उजाडलं. आतली पिंड इतर ठिकाणांसारखी नाही. उखळासारखा खळगा आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. एरवी त्यावर मुखवटा असतो, आणि दर सोमवारी दुपारी पालखीतून तो कुशावर्तावर नेतात. ह्या देवाचा एक निळसर हिराही होता, नासक म्हणून जगभर प्रसिद्ध झालेला. पेशवाई बुडाली त्या धामधुमीत इंग्रजांच्या हाती गेला. नाशिकच्या नावाचा हिरा नाशिकला बघायला मिळू नये, ह्याचं बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार वाईट वाटतं. आत्याला अजिबात नाही. "ज्याच्या डोक्यावरून नदी वाहते त्याला हिऱ्याचं काय," म्हणते.

परतीच्या एसटीत मी उभ्याउभ्या झोपले. आत्याला जागा मिळाली होती, तिने माझी पिशवी मांडीवर घेतली.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन. बाबांनी दार उघडलं आणि आमच्या पायांकडे पाहून दोन पावलं मागे सरकले. "अक्का, आधी पाय धू बाई. राखी पळून जात नाही."

मी न्हाणीघरात नळ सोडला आणि टाचेची हळद निघाली का ते वाकून बघत राहिले. लाल पाणी मोरीत चाललेलं. आत्याने मागून हात घालून नळ बंद केला, बादलीतून एक तांब्या घेतला, तेवढ्यातच दोन्ही पाय चोळून धुतले आणि उरलेलं माझ्या टाचेवर ओतलं.

पाट मांडला, औक्षण झालं. राखी रात्रभर पिशवीत भिजून रंग सोडून बसली होती. आत्याने ती पिळली आणि तशीच बांधली. बाबांच्या मनगटावर गुलाबी वळ उठला. त्यांनी तो दोन दिवस घासला, निघाला नाही.